माझी पट्टी काळी एक

संगीत शिक्षकांचं प्रशिक्षण असं नुसतं म्हटलं तरी माझं डोकं सरकतं. सव्वीस वर्षं मी हिंगणा रोडवरच्या एका शाळेत पेटी वाजवतो आहे. या काळात मला संगीत कसं शिकवावं हे शिकवायला जे जे आले, त्यातल्या अर्ध्यांना पेटीसमोर बसवलं असतं तर भाता कोणत्या बाजूला आहे ते शोधत बसले असते. पण मानधन त्यांना, हार त्यांना, आणि हजेरी आमची.

गेल्या वर्षीचं प्रशिक्षण आमच्याच शाळेत ठेवलं, कारण आमचा हॉल मोठा आणि त्यातले सगळे पंखे चालतात. दोन दिवसांचं. दारावर भलामोठा फ्लेक्स, त्यावर ‘क्षमता संवर्धन’ असं लिहिलेलं, आणि खाली वीणा, जी आमच्यातल्या कोणीच कधी हातात धरलेली नाही. आमची क्षमता वाढवायला पुण्याहून एक तज्ज्ञ आले होते. खादीचा कुर्ता, कानाला अडकवलेला माइक, आणि दर वाक्याला ‘मित्रांनो’. पहिला एक तास त्यांनी आम्हाला गोल उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. आपल्यातलं मूल जागं करायचं म्हणे. पन्नाशीची माणसं, कोणाचे गुडघे गेलेले, कोणाला शुगर, आणि आम्ही भैताडासारखे उड्या मारतो आहोत. मग पडद्यावर प्रश्न आला : ‘सूर म्हणजे काय?’ खाली चार पर्याय. अरे बापा! मी पेन खिशात ठेवून दिला.

जमलेली मंडळीही पाहण्यासारखीच होती. निम्मे तर संगीताचे नव्हतेच. कोराडीकडच्या एका सरांचं सगळं संगीत एका ब्लूटूथ स्पीकरमध्ये होतं. ते गाणं लावतात, पोरं हात हलवतात, झालं स्नेहसंमेलन. आणि खाप्याहून एक मॅडम आल्या होत्या, सकाळची पहिली बस पकडून. त्या गणिताच्या. त्यांच्या शाळेतले संगीताचे सर रिटायर झाले, जागा भरली नाही, म्हणून तास यांच्या गळ्यात मारला. ओळख करून देताना त्या सरळ उठून म्हणाल्या, “मले पेटी एका बोटानं वाजवता येते. बाकी शिकून राहिली आहे.” सगळा हॉल हसला. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी नमुना पाठ होता, आणि नमुन्याला पोरं माझी. तीन आठवड्यांवर आंतरशालेय समूहगीत स्पर्धा आली होती आणि माझा बारा जणांचा संघ तयार होता. बारा म्हणजे अकरा गाणारे आणि एक उभी राहणारी. आठवीतली एक उंच, काटक पोरगी. बाप एमआयडीसीत शिफ्टला जायचा. वर्षभर ही माझ्या मागे लागली होती, “सर, मले घ्या ना गाण्यात.” एकदा घेऊन पाहिलं, तर अंतरा वर चढला की हिचा आवाज दुसरीकडेच जाऊन पडायचा. पण फॉर्मवर बारा नावं लागत होती. मी तिला मागच्या रांगेत उभं केलं आणि सांगितलं, तू फक्त ओठ हलव.

हे ‘ओठ हलव’ आमच्या धंद्यातलं फार जुनं औषध आहे. कोणत्याही प्रशिक्षणात ते शिकवत नाहीत, पण प्रत्येक संगीत शिक्षकाला येतं. बेसूर पोरगं संघात असलं की त्याला हे द्यायचं. बक्षीस मिळतं, आईबाप फोटो काढतात, कोणाला काही कळत नाही. पण ही पोरगी चिवट निघाली. रोज प्रॅक्टिस संपली की पेटीजवळ येऊन विचारायची, “सर, आता म्हणू का?” मी म्हणायचो, पाहू. स्पर्धेच्या दिवशी तरी आपल्याला गाऊ देतील, एवढ्या एका गोष्टीवर ती रोज येत होती, आणि ते मला चांगलं ठाऊक होतं.

तर नमुना पाठाला मी पेटी ओढली आणि काळी एक धरली. माझी पट्टी काळी एक. म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी हा माझा सा, तिथून माझं गाणं सुरू. माझ्या गुरुजींची हीच पट्टी होती, म्हणून माझी हीच, म्हणून आमच्या शाळेची प्रार्थना, स्वागतगीत, निरोपाचं गीत, सगळं काळी एकमध्येच. पहिली ओळ मी म्हणायची, मग पोरांनी उचलायची. पोरांनी छान उचलली. तज्ज्ञ डोळे मिटून मान डोलवत होते, बेताल.

गाणं संपलं, टाळ्या झाल्या, आणि खाप्याच्या मॅडम उठल्या. “सर, ती मागची उंच पोरगी म्हणून नाही राहिली. तिचा गळा हलतच नाही.”

“तिचा घसा बसला आहे,” मी म्हटलं.

“नाही मॅडम,” पोरगी मागून म्हणाली, “सरांनी ओठच हलवायले सांगतलं.”

हॉल खो खो हसला. कोणाला धक्का वगैरे काही बसला नाही. कोराडीचे सर म्हणाले, “सगळेच करतात गा!” तज्ज्ञही हसले, ही आपली व्यावहारिक अडचण आहे मित्रांनो, म्हणाले, आणि तेवढ्यात दारात चहा आला. चहाबरोबर आलूबोंडे होते. दोन मिनिटांत हॉल रिकामा. क्षमता वाढवायला आलेले सगळे आलूबोंड्यांच्या रांगेत उभे होते.

मॅडम मात्र गेल्या नाहीत. त्या पेटीजवळ येऊन बसल्या आणि पोरीला हाक मारली, “इकडे ये वं बाई. पेटी नाही, काही नाही. तुझ्या मनानं म्हण.” पोरगी माझ्याकडे पाहत होती. मग तिनं सुरू केलं, खालून, जाड आवाजात, आणि मॅडम एका बोटानं एकेक पट्टी दाबत तिचा सा शोधत गेल्या. खालच्या सप्तकातल्या काळी चारवर, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीवर थांबल्या. पोरगी अंतऱ्यावर गेली, वरच्या सा वर गेली, त्याच्याही वर गेली, आणि कुठंही हलली नाही. माझ्या अकरा जणांत इतका भरलेला आवाज एकाचा नव्हता. सव्वीस वर्षं कान विकून खाल्लेल्या माणसालाही ते ऐकू आलं.

“सर,” मॅडम म्हणाल्या, “पोरगी बेसूर नाही. तुमची पट्टी तिले उंच पडते.”

मला चूक दिसली, पण मला माझा अपमान आधी दिसला. मी म्हटलं, “मॅडम, तुम्ही गणिताच्या ना? मग गणित शिकवा.”

“हो, गणिताचीच. म्हणून मोजून पाहिलं. तिचा सा तुमच्यापेक्षा पाच पट्ट्या खाली आहे.” एवढं बोलून त्यांनी पिशवी उचलली आणि त्या चहाला गेल्या.

पोरगी तिथंच उभी. चेहरा असा फुललेला की मला पाहवेना. “सर, मग मी म्हणू का?”

मी म्हटलं, स्पर्धा तोंडावर आली आहे, आता पट्टी बदलता येत नाही. धडधडीत खोटं. अकराही पोरांना काळी चार उलट सोपी गेली असती, दोन दिवसांत बसली असती. बसली नसती ती मला. काळी चार मी वरून धरली तर माझा आवाज फाटतो, खालून धरली तर घशातच राहतो. पहिली ओळ माझी असते, तिला टाळी पडते, ती टाळी मला सोडवत नव्हती. पोरगी ‘हो सर’ म्हणाली आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

समारोपाला अभिप्रायाचा कागद आला. या प्रशिक्षणातून आपण काय शिकलात? शेजारच्या सरांनी ‘खूप काही’ लिहिलं, त्यांचं पाहून मीही ‘खूप काही’ लिहिलं. मंडळी प्रमाणपत्रासोबत फोटो काढून घरी गेली. मी पेटी बंद करायला थांबलो. उगाच काळी चार धरली आणि पहिली ओळ म्हणून पाहिली. कुत्रं गुरगुरावं तसा आवाज निघाला. मग एकेक पोर आठवायला लागलं. कोणाला कोणत्या साली मागे उभं केलं, कोण रडलं, कोणाची आई विचारायला आली आणि मी तिला ‘कान नाही हो तुमच्या पोराला’ असं सांगितलं. पट्टी मोजून पाहायची बुद्धी मला एकदाही झाली नव्हती. त्या पुण्याच्या माणसाला मी दोन दिवस मनात शिव्या घालत होतो. तो बिचारा निदान कोणाचा आवाज बंद करून गेला नाही. मला माझीच शिसारी आली.

सोमवारी शाळा भरल्याबरोबर मी त्या पोरीच्या वर्गावर गेलो. तिला बाहेर व्हरांड्यात बोलावलं आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. आजपासून सगळं गाणं काळी चारमध्ये, पहिली ओळ मी म्हणणार नाही, ती तू म्हणायची. आपण किती मोठं काही देतो आहोत असा माझा तेव्हाही तोरा होताच.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग पायातल्या बुटांकडे बोट दाखवलं. नवे होते, खेळाचे.

“सर, मी सकाळीच कबड्डीत नाव देलं.”

“काहून?” मी विचारलं. “गाणं आवडत होतं ना तुले?”

“आवडते ना सर. पण कबड्डीत आवाज नाही निघाला तं आउट देतात.”