उजव्याचा नमुना

आमच्या गुरांच्या दवाखान्याच्या भिंतीवर घोड्याच्या मूत्रसंस्थेचा मोठा रंगीत तक्ता होता. त्या भागात घोडा म्हणजे ठाणेदाराचा एक, तोही म्हातारा. बाकी सगळे बैल, गाई, म्हशी, शेळ्या. इंग्रज जाताना तक्ता न्यायला विसरले आणि आम्ही तो उतरवायला. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती. सिंदेवाहीच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला, मी त्या दवाखान्यात कंपाउंडर होतो.

बैलाचा गुर्दा मी तक्त्यावर शिकलो नाही, मेलेल्या गुरांत शिकलो. तो घोड्यासारखा गुळगुळीत नसतो, सीताफळासारखा फुगीर डोळ्यांचा असतो. आणि बैलाच्या मूत्रनळीला पोटाखाली एक नागमोडी बाक असतो. तळी आटली, पाणी कमी झालं आणि नुसत्या भाताच्या कोरड्या तणसावर दिवस काढावे लागले की बारीक खडा त्या बाकात येऊन अडकतो. मागे लघवी साचत राहते. वैशाखात असे बैल यायचे.

त्या वैशाखात एका मासेमार ढिवराची विधवा तीन कोसांवरून बैल घेऊन आली. दोन दिवस त्याला लघवी नव्हती. आजारी होता जुवाला डावीकडे चालणारा. पण तो जोडीदारावाचून पाऊल टाकेना, म्हणून तिने उजव्यालाही आणलं होतं. शेतीही त्या जोडीवर आणि मासळी बाजाराला नेणंही.

डॉक्टर शेपटीखालून हात घालून तपासून म्हणाले, "खडा आहे. उद्या सकाळपर्यंत लघवी झाली तर नमुना धर. झाली म्हणजे सुटला. नाही झाली तर शेपटीखाली चीर देऊन काढायचा. साहेब ताटकळले तरी चालतील, आधी बैल."

जिल्ह्याचे साहेब दुसऱ्या दिवशी यायचे होते, कारण आम्हाला प्रयोगशाळा मिळाली होती. प्रयोगशाळा म्हणजे एक टेबल, एक स्पिरिटचा दिवा, सहा परीक्षानळ्या आणि एक सूक्ष्मदर्शक, ज्याला गाव दुर्बीण म्हणे. उद्घाटनासाठी दाराला आंब्याची पानं बांधली होती. टेबलालाही बांधली होती. घोड्याच्या तक्त्याला हार घातला होता.

सकाळी डॉक्टर साहेबांना आणायला डाकबंगल्यावर गेले. मी बाटलीवर डाव्या बैलाची चिठ्ठी चिकटवून आवारात उभा राहिलो. बाईने शीळ घातली. बैलांना तिच्या नवऱ्याने शिळेवर लघवी करायची सवय लावली होती. तो गेल्यावर तिला शिकावी लागली. बाईमाणसाने शीळ घालायची म्हणजे गावाला करमणूक. आमचा चौकीदार जागेवरून उठून म्हणाला, "बाई, शिट्टी वाजवून राह्यल्या, आता पोलीस येईन."

"तू काऊन उठला मंग? तुले बी लागली का?"

चौकीदार परत बसला.

डाव्याने शेपटी उचलली, पाठ वाकवली, कण्हला. थेंब नाही. मागच्या पायाने पोटावर लाथा झाडू लागला. उजव्याने मात्र शीळ ऐकून इमानाने धार सोडली.

तेवढ्यात जिल्ह्याहून आलेला हेडक्लार्क माझ्यावर ओरडला, "साहेब दुर्बिणीतून काय बघणार? पाणी? पाच मिनिटांत गाडी येते!"

मी बाटली उजव्याखाली धरली.

"हा तं उजव्याचा आहे, भाऊ," बाई म्हणाली.

"साहेबांना नुसता दाखवायला. डॉक्टरांना मी सांगतो."

"सांगजा मंग. नाई तं इसरून जासान."

मी विसरलो नाही. ते सोपं झालं असतं. डॉक्टर साहेबांच्या मागून आत आले, चिठ्ठी लावलेली भरली बाटली बघितली आणि त्यांचा चेहरा उजळला. "झाली? सुटला का?" साहेब बघत होते, हेडक्लार्क बघत होता. मी म्हणालो, "हो." आणि नमुना काचेवर घेतला.

साहेबांनी डोळा लावला. आरसा उजेडाकडे वळवायचा राहिला होता, त्यामुळे त्यांना बहुधा स्वतःच्या पापण्या दिसल्या. "बरेच जंतू आहेत," ते म्हणाले. टाळ्या झाल्या. त्यांच्यानंतर डॉक्टरांनी आरसा वळवून पाहिलं. खरोखर स्वच्छ नमुना होता.

मग आवारात भाषण. ते सुरू झालं तेव्हा डावा अजून पाय झाडत होता. भाषणात विज्ञान खेड्यापर्यंत पोचल्याच्या सुमारास तो एकाएकी शांत झाला. उभा राहिला, तणसाची काडी तोंडात घेतली. हेडक्लार्क साहेबांना म्हणाला, "बघा, जनावरालासुद्धा कळतं." बाईने तिथेच हात जोडले. चिरायची शस्त्रं उकळून तयार होती. डॉक्टरांनी ती पुसून ठेवायला सांगितली.

मूत्राशय फुटलं की कळ थांबते, हे मला माहीत होतं. अशी दोन पोटं मी पाहिली होती. तरी त्याच्या पायांखाली ओल आहे का, हे मी पाहिलं नाही. जमीन कोरडी होती, ते न पाहताही ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी बैल मेला. पोट खालून दोन्ही अंगांनी घागरीसारखं सुटलं होतं. डॉक्टरांनी बाह्या सरसावून चीर दिली आणि लघवीच्या वासाचं पाणी पायांवर आलं. मूत्राशय फाटलेलं, रिकामं. बाकात खडा, ज्वारीच्या दाण्याएवढा.

"मग तो नमुना कुठून आला?"

मी खडा चिमट्याने उचलला. बाई मोहाच्या झाडाखाली बसली होती. ती म्हणाली, "तो उजव्याचा होता ना. भाऊ सांगतो म्हणाले होते तुम्हाले."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मी सांगितलं असेल असंच ती धरून चालली होती.

डॉक्टरांनी तिला विचारलं, "पाय कधीपर्यंत झाडत होता?"

"साहेबाचं भाषण सुरू झालं तवरी."

त्यांनी हात धुतले, पुन्हा धुतले. मला म्हणाले, "रजिस्टरमध्ये लिही."

"काय लिहू?"

"झालं ते."

आदल्या पानावर साहेबांचा शेरा होता, काम अत्यंत समाधानकारक. त्याच्या पाठीमागे मी लिहिलं: नमुना दुसऱ्या बैलाचा. शाई पलीकडे उतरली.

बाई उजव्याला घेऊन निघाली. फाटकात तो थांबला. डावीकडे जोडीदाराएवढी जागा सोडून उभा राहिला. तिने ओढलं, हलेना. मग तिने शीळ घातली. त्याने धार सोडली, बराच वेळ. ती संपेपर्यंत बाई थांबली. चौकीदार तिथेच बसला होता. या वेळी तो उठला आणि फाटक धरून उभा राहिला.