समेआधीची तिहाई

मी माझ्या मित्राचं बोट मोडलं आणि त्याबद्दल खोटं बोललो. तबलजी हाताला लावतात त्या पावडरीचा वास आला की मुलुंडच्या त्या छोट्या सभागृहातली मैफल आठवते. गायिकेने मला मोकळी जागा दिली, मी जोशात तिहाई घेतली, म्हणजे तोच तुकडा तीनदा वाजवून नेमका समेवर यायचं, आणि ती समेच्या एक मात्रा आधीच संपली. पेटीवर तोच मित्र होता. त्याने सगळ्यांसमोर हात उचलून मला सम दाखवली. श्रोते हसले. मध्यंतरात मी आत तबला जुळवत बसलो होतो. पेटीच्या झाकणावर हात टेकून तो म्हणाला, "काय रे, एक स्टेशन आधी नाहूरलाच उतरलास? मुलुंड पुढे होतं ना!" मी हातातली हातोडी त्याच्या बोटांवर हाणली. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. झाकणावर रक्त पसरलं. "अरे, मी वाजवू कसा आता?" एवढंच तो पुटपुटला. लोक धावत आले तेव्हा मीच म्हणालो, "दारात बोट सापडलं." त्यानेही होकारार्थी मान हलवली. करंगळी वाकडीच राहिली, मैफली सुटल्या, तो शिकवण्या करू लागला. बारा वर्षांनी, परवा, त्याच्या घरी गेलो. चहा घेऊन आलेल्या त्याच्या बायकोला म्हणालो, "वहिनी, दार नव्हतं. मी मारलं होतं." मग त्याच्याकडे वळलो. "माफ कर रे मला."