फोटोखालचे शब्द

कॅम्प चारची वस्ती मागे पडली तरी अंजनीताईंचं हसू थांबेना. एका हातात पांढरी काठी, दुसरा हात माझ्या कोपरावर, आणि दर दहा पावलांनी तेच, "अगं, आंधळ्याच्या हातात फोटोंचा अल्बम दिला गो आपण! चार महिने!"

मे महिन्याचं ऊन होतं आणि माझे पाय दुखायला लागले होते. गाडीने केव्हाच अंबरनाथला पोचलो असतो. पण ताईंना बोलायचं असलं की त्या चालतात.

अंजनीताई बदलापूर गावच्या. घरची भातशेती. सहाव्या वर्षी गोवर आला आणि डोळे घेऊन गेला. पुढे एका संस्थेत वेताच्या खुर्च्या विणायला शिकल्या आणि त्याच संस्थेच्या अंबरनाथ पूर्वेच्या खोलीत वीस वर्षं तेच करत राहिल्या. बरोबर आणखी चौघी, त्याही न दिसणाऱ्या. कचेऱ्यांतून टेम्पो भरून खुर्च्या यायच्या. मग प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि टेम्पो यायचा थांबला. २००६च्या दिवाळीत संस्थेच्या कमिटीने सांगून टाकलं, पुढच्या दिवाळीपर्यंत काम आलं नाही तर खोली बंद, जिने तिने आपापल्या घरी जावं.

ताईंचं घर म्हणजे भावाचं घर. "भाऊ चांगला आहे," त्या म्हणायच्या. "पण दिवसभर खाटेवर बसवून ठेवील. चहा हातात देतील. मला नुसता चहा नको गो, शीला."

मी तेव्हा आठवड्यातून दोनदा संस्थेची पत्रं लिहायला जात असे. वेबसाइटची कल्पना माझी. कॅम्प दोनमध्ये जयदेवभाईंचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, त्यांनी ती करून दिली. फार देखणी झाली. खुर्च्यांचे फोटो, आमचे फोटो. मराठी अक्षरं पडद्यावर तुटत होती, म्हणून त्यांनी मजकुराचंही चित्र करून चिकटवलं. तळाला किती जण येऊन गेले ते मोजणारा आकडा. दर मंगळवारी आम्ही दोघी दुकानात जायचो आणि आकडा बघायचो. चार महिन्यांनी, त्या मे महिन्यातल्या मंगळवारी, तो एकसष्ट होता.

"त्यातले आपण किती?" ताईंनी विचारलं.

जयदेवभाई खोकले. "दीदी, आप लोग हर बार खोलते हो ना, वो भी गिनता है."

"म्हणजे आपणच आपल्या घरी पाहुणे. बरं, लोकांना आपला पत्ता सांगतं कोण?"

"गूगल का मशीन हर साइट पे घूमता है. पढके याद रखता है. कोई पूछे तो बताता है."

"मग त्याला आपले फोटो आवडले नाहीत का?"

"फोटो उसको दिखता नहीं, दीदी. सिर्फ अक्षर पढता है."

ताईंनी मांडीवर थाप मारली. मग ते हसू सुटलं, ते रस्त्यावरही थांबेना.

शेवटी रस्त्यातच डोळे पुसून त्यांनी मला थांबवलं. "समोर काय आहे सांग."

"दुकान आहे."

"कशाचं?"

"गाद्यांचं."

"बघ. नुसतं 'दुकान आहे' म्हणालीस तर मी पुढे जाणार, आणि गादी इथेच राहणार. न दिसणाऱ्याला असं सांगायचं नसतं. तू काय लिहिलं होतंस आपल्याबद्दल?"

"वेत्रकाम व पुनर्विणकाम केंद्र," मी म्हणाले. बोलताना मलाच कसंतरी वाटलं.

"असं कोण बोलतं गो? तुझा नवरा बोलतो?"

खोलीतला फोन ताईच उचलायच्या. चालता चालता त्या एकेक फोन सांगायला लागल्या, ज्याचा त्याचा आवाज काढून. कल्याणचे वकील, "बाई, खुर्चीला खड्डा पडलाय, बसलो की आत जातो." डोंबिवलीच्या आजी, "यांची आरामखुर्ची आहे हो, जाळी फाटलीय, टाकवत नाही." कुणी मास्तर, कुणी डॉक्टर. वीस वर्षांचे फोन, शब्द न् शब्द. मी किराण्याच्या यादीच्या पाठीवर लिहीत गेले. ती भरली तेव्हा तळहातावर लिहिलं. मी रोज सकाळी बुद्धवंदना म्हणते, विहारात प्रवचनं ऐकते. पण कुणाचं बोलणं इतकं मन लावून मी कधी ऐकलं नव्हतं. त्या रस्त्यात मी मनातल्या मनात ताईंना हात जोडले.

मग सगळं नव्याने केलं. मजकुराची चित्रं हटवून, न तुटणाऱ्या फॉन्टमध्ये खरी अक्षरं घातली. सगळ्यात वर, 'खुर्चीची जाळी फाटली? खड्डा पडला? वेताने विणून देऊ, अंबरनाथ पूर्व.' फोटोंसाठी ताईंनी नियम घातला. प्रत्येक फोटो मी त्यांना शब्दांत सांगायचा. त्यांना दिसला तर पास. मग जयदेवभाई ते शब्द फोटोखाली टाइप करायचे, मराठीत आणि साध्या इंग्रजीत. एका खुर्चीसाठी मी पाच वेळा नापास झाले. आणि आम्ही स्वतः पान उघडायचं नाही, हेही ठरलं. "खोटे पाहुणे नकोत," ताई म्हणाल्या.

जूनमध्ये काही नाही. जुलैत गूगलवर शोधून बघितलं तर आम्ही नवव्या पानावर.

"येतोय," ताई म्हणाल्या. "आंधळा आहे, चाचपडत येणार."

ऑगस्टमध्ये पुण्याहून फोन आला. जुनं वाचनालय, चाळीस खुर्च्या. ताईंकडून फोन घेऊन मी विचारलं, आमचा पत्ता कुणी दिला? ते गृहस्थ म्हणाले, "खुर्चीची जाळी फाटली असं टाकलं, तुम्हीच आलात." मी तेच शब्द ताईंना सांगितले. ताईंनी नुसती मान हलवली. पुढे त्या वाचनालयाने आपल्या वेबसाइटवर आमचं नाव घातलं, तेव्हा जयदेवभाई आमच्यापेक्षा जास्त नाचले. "अब दूसरे भी बोलते हैं, दीदी! मशीन ये भी सुनता है!" गणपतीनंतर खोलीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. दिवाळी आली, गेली. कुलपाचा विषय कमिटीत कुणी काढला नाही.

एक फोटो मात्र तसाच राहिला होता. ताईंचा. मी तो मुद्दाम शेवटी ठेवला होता. एका दुपारी मी त्यांना वाचून दाखवलं, "अंध कारागीर अंजनी खुर्ची विणताना."

त्यांची बोटं वेतावर थांबली.

"नापास," त्या म्हणाल्या. "हे मला माहीत आहे. यात मी कुठे आहे?"

मी कागद खाली ठेवला. त्यांनी खुर्ची बाजूला सरकवली, पदर नीट केला आणि चेहरा माझ्याकडे वळवला.

"आई होती तोवर ती सांगायची. ती गेल्यापासून मी कशी दिसते हे मला कुणी सांगितलेलं नाही. वेबसाइटचं मागनं बघू. आधी मला सांग शीला. म्हातारी दिसत असेन तर म्हातारी म्हण. पण बघून सांग."