धाकट्या जावेचं भाषण

आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यातलं दुर्बिणीने ऑपरेशन करायचं मशीन फार जुनं झालं होतं. मध्येच पडद्यावरचं चित्र जायचं आणि डॉक्टरांना नाइलाजाने पोट उघडावं लागायचं. ऑपरेशन थिएटरची मुख्य सिस्टर म्हणून मी हे रोज बघत होते. म्हणून नव्या मशीनसाठी निधी जमवायचं ठरलं, तेव्हा लोकांसमोर बोलायचं काम मी मागून घेतलं.

नाशकात दोन-तीन ठिकाणी बोलले. कॅमेरा कसा असतो, छेद किती लहान होतो, सगळं समजावून सांगितलं. लोक शांतपणे ऐकायचे, चहा घ्यायचे, "छान माहिती दिलीत मॅडम" म्हणायचे आणि निघून जायचे.

माझी धाकटी जाऊ निफाडची. एकदा मेथी निवडता निवडता म्हणाली, "ताई, माझ्या माहेरी द्राक्षवाल्यांची बैठक हाय. मी बोलू का?"

"बोल की," मी म्हणाले. ती अडखळली तर सावरून घ्यावं म्हणून सोबतही गेले.

ती अडखळली नाही. मशीनबद्दल चकार शब्द न काढता तिने आईची गोष्ट सांगितली. "आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. लय मोठा छेद. खोकला आला की ती पोटाला उशी दाबून धरायची. आम्हाला म्हणायची, पोरींनो, मला हसवू नका गं. बागेतली कामं तोंडावर आली अन् ती खाटेवर."

मागच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. एक म्हातारेबुवा उठून म्हणाले, "माझं नाव लिहा." मग माणसं एकामागून एक उठत गेली.

मी खुर्चीत बसून होते. तिच्या आईचं ऑपरेशन आमच्याच दवाखान्यात झालं होतं; ती उशी मीच दिली होती. आजवर किती जणांना दिल्या असतील. पण एकाही भाषणात मला ती आठवली नव्हती.

द्राक्षांचा हंगाम संपला आणि मशीन आलं. कार्यक्रमात जावेला शाल-श्रीफळ मिळालं. फीत कापायची कात्री ठेवलेलं तबक माझ्या हातात होतं. ती माइकवर म्हणाली, "हे सगळं आमच्या ताईंमुळं." टाळ्या पडल्या. मनाचा मोठेपणाही तिनेच दाखवावा, याचा मला जास्त राग आला. घरी सासूबाई येईल त्याला तिचे फोटो दाखवत. नवऱ्याने विचारलं, "तू खूश नाहीस का?" मी म्हटलं, "आहे की," आणि कुकर लावायला उठले.

मशीन मात्र उत्तम आहे. पेशंट दुसऱ्या दिवशी हिंडायला लागतात. ते बघून मला मनापासून बरं वाटतं, आणि त्यातलं कुणी देणगीदारांचा विषय काढला की लगेच बिनसतं.

आता भूल द्यायचं मशीन हवंय. ट्रस्टच्या सचिवांनी मला बोलावून घेतलं. वाटलं, या वेळी तरी. ते म्हणाले, "सिस्टर, जाऊबाईंना विचारता का?"

विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही पण चला ताई. कुणी मशीनचं विचारलं तर मला नाय सांगता येत."

गेल्या आठवड्यात आम्ही दोघी सिन्नरला गेलो. ती बोलली. नंतर एक बाई गर्दीतून वाट काढत थेट माझ्याकडे आल्या. मी पर्समधून मशीनचं माहितीपत्रक काढलं.

"तुमच्या जाऊबाईंचा नंबर मिळेल का?" त्यांनी विचारलं.

मी दिला.