‘निरोप’ची चाल

ही गोष्ट लिहायचं मी आजवर टाळत आलो. आमच्या संगीत क्लबाच्या आठवणी लिहून द्या म्हणून मला दोनदा विचारणा झाली आणि दोन्ही वेळा मी लिहून दिल्या. वखारीची माडी, तिथल्या सतरंजीतले ढेकूण, क्लॅरिनेटवाल्याच्या विड्या, सगळं लिहिलं. ‘निरोप’बद्दल मात्र एकच वाक्य लिहिलं, की त्या वर्षी विलायती चालीवरचा एक तुकडाही बसवला होता. ते खोटं आहे. ते खोटं पहिल्यांदा मीच छापून आणलं, आणि नंतर दोनदा मीच पुन्हा लिहिलं.

सन तीसच्या सुमाराची गोष्ट. मी रत्नागिरीत हायस्कुलात गणित शिकवत होतो आणि पेटी वाजवत होतो. दोन वर्षं पुण्यात राहून स्वरलेखन शिकून आलो होतो. गावात ते येणारा मी एकटा, त्यामुळे क्लबात माझा शब्द चाले. आम्ही अकराजण होतो. खालच्या आळीत एका वखारीच्या माडीवर रविवारी दुपारी जमायचो. सगळ्यांनी मिळून वाजवायचा, शब्दांवाचूनचा एक मोठा तुकडा आपण रचावा, अशी माझी फार दिवसांची हौस होती. तीन वर्षं खपून मी ‘समुद्रगर्जना’ नावाचा एक रचला होता. त्यात वादळ होतं, लाटा होत्या, दोन तबले आणि एक ढोल होता. पहिल्या तालमीला तो संपला तेव्हा क्लॅरिनेटवाला, जो एरवी लग्नाच्या बँडात वाजवायचा, म्हणाला, “मास्तर, लाटा जरा जास्त झाल्या. माणूस बुडाला तरी तुमची लाट येतेच आहे.” सगळे हसले. मीही हसलो. पण ते वाक्य मला आज चाळीस वर्षांनीही पाठ आहे.

‘निरोप’ ज्याचा, तो आमच्यात आला त्याच वर्षी. मांडवी बंदरावर आगबोटीच्या कचेरीत कारकून होता, म्हणून क्लबात त्याला सगळे ‘बंदरवाले’ म्हणायचे. फिडल वाजवायचा. कुणाकडे रीतसर शिकलेला नव्हता, रागांची नावं त्याला धड येत नसत. पावसाळ्यात आगबोटी बंद, बंदरावर काम नाही. त्या तीन महिन्यांत त्याने एक तुकडा डोक्यात रचला आणि श्रावणात एका रविवारी फिडलवर त्याची मुख्य चाल वाजवून दाखवली.

चाल साधी होती. चढत चढत निषादापर्यंत जायची आणि षड्जावर, म्हणजे वरच्या ‘सा’वर, न टेकता मागं फिरायची. पुन्हा यायची, पुन्हा फिरायची. क्लॅरिनेटवाल्याची विडी हातातच विझली. मी विचारलं, “राग कोणता?”

“राग मला कळत नाही, मास्तर. असं येतं.”

“पण सा कुठं आहे? वाक्य अर्धवट सोडल्यासारखं होतंय.”

“सोडलंयच,” तो म्हणाला.

सगळ्यांनी ठरवून टाकलं, दिवाळीनंतरच्या कार्यक्रमात हे घ्यायचंच. त्याला स्वरलेखन येत नव्हतं. तेव्हा अकरा वाद्यांचे अकरा कागद लिहायचं काम माझ्याकडे आलं. महिनाभर तो दुपारचा माझ्या घरी यायचा. ओटीवर बसून प्रत्येक वाद्याचा भाग गुणगुणून सांगायचा, मी लिहून घ्यायचो. जलतरंगाला उतारूंना आगबोटीपर्यंत नेणाऱ्या पडावाची वल्ही दिली होती, क्लॅरिनेटला बोटीचा भोंगा, आणि तो भोंगा वाजला की बाकी सगळे गप्प. शेवटी फिडलने एकट्याने षड्जावर यायचं, फार हळू, आणि तिथंच संपायचं.

एका दुपारी त्याने ते का तसं आहे हे सांगितलं. त्याची बायको बाळंतपणाला माहेरी निघाली होती, नाटे गावी. आगबोटीनेच जायची. तो ड्यूटीवर होता. रांगेत ती सासूबरोबर आली, त्याने इतर उतारूंसारखंच तिचं नाव वहीत लिहिलं आणि तिकीट फाडून दिलं.

“लोक होते ना मागं,” तो म्हणाला. “मी म्हटलं, ‘पुढचे’. तिने पाहिलं, आणि गेली पडावात. एवढंच.”

तीन आठवड्यांनी नाट्याहून माणूस आला. बाई गेली, मूलही गेलं.

हे ऐकून माझे डोळे भरून यायला हवे होते. मला आलं ते वेगळंच. मनात आलं, याला असं दुःख मिळालं म्हणून याला अशी चाल मिळाली. माझी बायको जिवंत आहे, मुलं धडधाकट आहेत, मी लाटा मोजतोय. इतका नीच विचार मी आयुष्यात दुसरा केला नसेल. तो केला, हे इथं लिहून ठेवतो.

त्यात भर अशी, की आमची मंडळी, म्हणजे माझी बायको, आत तांदूळ निवडत बसलेली असायची. त्याने चाल गुणगुणली की सुपाचा आवाज थांबायचा. एकदा तो गेल्यावर ती दाराशी येऊन म्हणाली, “त्यांना फिडल घेऊन यायला सांगा ना एकदा.” ‘समुद्रगर्जना’ त्याच ओटीवर तीन वर्षं रचली. तिने कधी सूप थांबवलं नव्हतं.

लिहिताना मी चुका शोधायचो. एखादा स्वर बदलून द्यावा, कुणाला कळणार नाही, असंही मनात यायचं. पण बदलायला जागा सापडली नाही. कुठलाही स्वर हलवला की ते पडायचं. गणिताच्या मास्तरला हे दुसऱ्या कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं.

त्या हंगामात एक नाटक कंपनी गावात मुक्कामाला होती. तिचे मालक आमच्या कार्यक्रमाला यायचे होते. त्यांना स्वतंत्र चाली बांधणारा माणूस हवा आहे, असं त्यांनी स्वतःच मला सांगितलं होतं. मी ते क्लबात कुणाला बोललो नाही.

आता कार्यक्रमाच्या पत्रकातली ती ओळ. तेव्हाची रीत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. नाटकातल्या पदांच्या पुस्तकात प्रत्येक पदावर ‘चाल’ म्हणून छापलेलं असे, म्हणजे ती मूळ कुठल्या गाण्यावरून घेतली आहे ते. त्यात लाज नव्हती, सगळेच घेत. आमच्या पत्रकावरही तसंच असे. त्या वर्षीच्या पत्रकाचा मजकूर मीच लिहून शनिवारी छापखान्यात दिला. ‘समुद्रगर्जना’पुढे लिहिलं, ‘स्वतंत्र रचना’. ‘निरोप’पुढे त्याचं नाव ‘बसवणारे’ म्हणून लिहिलं आणि त्याखाली लिहिलं, ‘चाल : विलायती फोनोप्लेट’, म्हणजे परदेशी ग्रामोफोनच्या तबकडीवरून उचललेली. दोनदा वाचून पाहिलं, शुद्धलेखन तपासलं.

कार्यक्रम रविवारी चारला, कंपनीच्या मांडवात होता. त्या दिवशी बोट होती, त्यामुळे तो बंदरावरून धावतपळत थेट रंगमंचावरच आला. पत्रक त्याने पाहिलंच नव्हतं. ‘निरोप’ वाजला. शेवटचा षड्ज संपल्यावर टाळी पडायला वेळ लागला. बायकांच्या बाजूला कुणीतरी नाक ओढलं. मी पेटीवर हात ठेवून बसलो होतो आणि त्या शांततेचा मला इतका हेवा वाटला की टाळी पडली तेव्हा सुटल्यासारखं झालं.

नंतर मालक आत आले. पत्रकाची सुरळी त्यांच्या हातात होती. त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “वा! प्लेट छान निवडलीत. नंबर द्या बुवा तिचा, मागवतो.”

“प्लेट नाही,” तो म्हणाला. “माझी आहे.”

“अहो, तुमचीच. मी कुठं पळवून नेतोय? नंबर तेवढा सांगा.”

“चाल माझी आहे. मी केली.”

मालक हसले. “लाजता कशाला? आम्ही सगळेच घेतो. छापलंयत की तुम्हीच!” आणि त्यांनी पत्रक त्याच्यापुढे धरलं.

त्याने ते वाचलं. आजूबाजूचे हसत होते, वाईट हेतूने नव्हे. कुणीतरी म्हणालं, “बंदरवाले, विलायती माल उतरवायची सवयच तुम्हाला!” तो माझ्याकडे वळला. “मास्तर, हे कसं झालं?”

“छापखान्याची सवय,” मी म्हणालो. “सगळ्यांपुढं प्लेट टाकतात ते.”

“मग सांगा ना यांना.”

मी मालकांकडे पाहिलं. म्हणालो, “हो, तसं काही तरी झालं असेल.” हे असं म्हणालो, की त्याला नाही म्हणता येऊ नये आणि त्यांना खरं वाटू नये. मालक मान डोलावून माझ्याकडे वळले. “तुमच्या लाटाही ऐकल्या. छान,” म्हणाले, आणि आपल्या वहाणा शोधू लागले. कंपनीने आमच्यापैकी कुणालाच घेतलं नाही.

पुढं गावात जो तो त्याला त्या प्लेटबद्दल विचारी. तीनचार दिवस तो चिडून सांगत राहिला. जितकं सांगे तितकं लोकांना ते झाकल्यासारखं वाटे. गुरुवारी संध्याकाळी तो माझ्या घरी आला. बसला नाही.

“छापखान्यात जाऊन आलो. म्हटलं, दुरुस्ती छापून घ्यावी.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, कागदाबरहुकूम छापलंय. कागद दाखवला.” मग म्हणाला, “ते स्वरलेखनाचे अकरा कागद द्याल का?”

मी आणून दिले. त्याने वरचा कागद थोडा वेळ पाहिला. “अक्षर चांगलं आहे तुमचं, मास्तर,” म्हणाला. “कुठंही ओळखू येतं.”

आतून मंडळींनी विचारलं, चहा टाकू का. तो गेला होता.

त्यानंतर तो क्लबात आला नाही. उन्हाळ्याच्या आधी त्याने मुंबईच्या कचेरीत बदली मागून घेतली. ‘निरोप’ पुन्हा कुणी वाजवला नाही, कागदच नव्हते. मला तो पाठ होता. मी एकटा असताना पेटीवर वाजवायचो. निषादापर्यंत जायचो आणि तिथून मागं फिरायचो.

पाचसहा वर्षांनी एका कामासाठी मुंबईला गेलो तेव्हा पत्ता काढून त्याच्या खोलीवर गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. बोटीत वाक्यं घोळवली होती. त्याने स्वतः चहा केला. पुन्हा लग्न केलेलं दिसलं नाही. फिडल कुठं दिसलं नाही, आणि मी विचारलं नाही. आंबा यंदा कसा आहे, क्लॅरिनेटवाला आहे का अजून, बंदरावर नवीन धक्का होणार म्हणतात ते खरं का, असं तासभर बोललो. तो माझ्याशी चांगलाच बोलला. एकदा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

जिन्यापर्यंत पोचवायला आला. मी दोन पायऱ्या उतरून वळलो. “एक सांगायचं राहिलं,” म्हणालो.

“सांगा.”

तो वाट पाहत उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. त्याला ठाऊक होतं, आणि मी ते बोलावं एवढंच त्याला हवं होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. मी म्हणालो, “रत्नागिरीला आलात की घरी उतरा.”

“येईन की,” तो म्हणाला.

पुढच्या पावसाळ्यात तो गेल्याचं कळलं. त्या जिन्यात मला म्हणायचं होतं ते असं होतं :

ती ओळ मी लिहिली. छापखान्याचा काही दोष नव्हता. तुमची चाल कुठल्याही प्लेटवरची नव्हती, आणि हे गावात सगळ्यांआधी मला माहीत होतं, कारण माझ्याच ओटीवर बसून तुम्ही ती मला सांगितलीत. ती माझी असावी असं मला वाटत होतं. ती माझी होणार नव्हती, म्हणून मी ती तुमचीही राहू दिली नाही. हे त्या दिवशी मांडवात, सगळे बसलेले असताना, उभं राहून सांगायला हवं होतं. मला माफ करा.