बारावी गाठ

घरं विकून देण्याचा धंदा करायचा आणि गिऱ्हाइकाला घर घेण्यापासून रोखण्यात आयुष्य घालवायचं, हे आमच्या आबांइतकं निष्ठेनं उभ्या पुणे जिल्ह्यात कुणी केलं नसेल. स्वातंत्र्यानंतरच्या त्या आठदहा वर्षांत पौडपासून बावधनपर्यंत कुणाला जुनं घर विकायचं झालं की तो आबांना शोधत यायचा आणि कुणाला घर घ्यायचं झालं की तो आबांना भ्यायचा. धनगराचं घर त्यांचं. वाडवडिलांनी मेंढरं विकली, यांनी घरं विकायला घेतली, पण नजर तीच ठेवली. घर ते आधी मागच्या बाजूनं बघत. पुढून काय, कुणीही नटून उभं राहतं, असं त्यांचं म्हणणं. मग भिंतींवर थापा मारणं, वाशांचा वास घेणं, आणि शेवटी एक अख्खी दुपार प्रत्येक भिंतीला आळीपाळीनं पाठ लावून बसणं. कुठली भिंत तापते आणि कुठली ओल धरते हे त्यांची पाठ सांगायची, आणि ती पाठ कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

एवढं सगळं जाणून घ्यायचं ते गिऱ्हाइकाला घाबरवण्यासाठी. पुण्याचे एक पेन्शनर गृहस्थ हवापालटासाठी बावधनला घर बघायला आले होते. अंगात कोट, हातात छत्री. आबांनी त्यांना उंबऱ्यावरच उभं करून सुरुवात केली, "हितं पावसाळ्यात पानी येतं. थोडं न्हाई, लई येतं. त्या कोपऱ्यात साप निगतो, पर त्यो जुना हाय, वळखीचा हाय. शेजारीन भांडकुदळ हाय. तिची सासू तिच्याहून."

गृहस्थांनी छत्री आपटली. "अहो, तुम्ही घर विकायला आलात की मला हाकलायला?"

"दोन्ही," आबा म्हणाले. "आदी हाकलतो, मंग विकतो. हाकलूनबी जो ऱ्हातो त्योच नांदतो."

ते गृहस्थ राहिले. घरी आलेल्या पाहुण्यांना आता ते सापाचा कोपरा कौतुकानं दाखवतात.

पण आबांचं खरं नाव झालं ते त्यांच्या दोरीमुळे. घराच्या व्यवहारात भांडणं होतात ती घरावरून नव्हेत, बोललेल्या भावावरून. घेणारा म्हणतो मी नऊशे म्हणालोच नाही, विकणारा म्हणतो मला तर हजार सांगितले होते, आणि दोघं मिळून मधल्या दलालाची गचांडी धरतात. आबांना लिहिता येत नव्हतं आणि लिहिलेल्यावर त्यांचा विश्वासही नव्हता. म्हणून प्रत्येक घरासाठी ते काळ्या लोकरीची हातभर दोरी वळत. चालता चालता लाकडी चातीवर सूत काढण्याची त्यांना पिढीजात सवयच होती. दोरीचं एक टोक घेणाऱ्याचं, दुसरं विकणाऱ्याचं. शंभराला एक गाठ. घेणारा आपल्या टोकाला आपल्या हातानं गाठ वाढवायचा, विकणारा आपल्या टोकाची गाठ आपल्या हातानं सोडायचा, आणि दोन्हीकडच्या गाठी सारख्या झाल्या की सौदा ठरला. मग दोन्ही टोकं एकत्र बांधून आबा ती दोरी त्या घराच्या चौकटीला अडकवून टाकत. आकडा ते तोंडानं कधीही उच्चारत नसत. "तोंड माजं हाय, ते जेवायला. भाव दोरी सांगंल."

याचा अर्थ आबा निमूटपणे निरोप पोचवत असा मात्र नाही. पिरंगुटच्या एका दुकानदारानं चांगल्या तीन खणी घराला चारच गाठी मारल्या, तर आबांनी ती दोरी त्याच्याच गळ्यात घातली. "एवढ्यात खुराडं येतंय, शेट. त्यात कोंबड्या नांदतील, तुमची सून न्हाई." दुसऱ्या एकानं हौसेनं भराभर गाठी मारायला घेतल्या तर त्याचा हात धरून म्हणाले, "दम खावा. मालक अजून उतरंल." त्यामुळे घेणारे म्हणत हा विकणाऱ्याचा माणूस, आणि विकणारे म्हणत हा घेणाऱ्याला फितूर. मी एकदा विचारलं, "आबा, एवढ्या शिव्या खाता, वाईट नाही वाटत?" चाती फिरवत ते म्हणाले, "दोगंबी शिव्या देत्यात म्हंजी दोरी मदोमद हाय, मास्तर. एकच देऊ लागला की मला घोर लागतो."

मास्तर म्हणजे मी. पौडच्या शाळेत होतो, भाड्याच्या एका खोलीत बायको आणि दोन मुलं घेऊन राहत होतो. माझ्यावर आबांचा जीव का जडला हे मला कधी कळलं नाही. मी फार बोलणारा माणूस नाही. बहुधा त्याला ते सज्जनपणा समजले असावेत. पौडातच एक दोन खोल्यांचं घर विकायला निघालं होतं. मालकीण एक म्हातारी, सगळे तिला नानी म्हणत. भूगावला मुलाकडे राहायला गेलेली, अंगानं काडी आणि आवाजानं नगारा. त्या घराचे दोष आबांनी मला तीन दिवस पुरवून पुरवून सांगितले. मी हललो नाही. तेव्हा ते खूश होऊन नानीकडे गेले आणि, मला मागून कळलं, त्यांनी आपल्या उभ्या हयातीत न केलेली गोष्ट केली: गिऱ्हाइकाची शिफारस केली. "मानूस सोन्यासारका हाय," म्हणाले.

नानीच्या टोकाला चौदा गाठी होत्या. सुटत सुटत बारावर आल्या आणि तिथे अडल्या. एका शनिवारी शाळा सुटल्यावर व्हरांड्यात बसून मी माझ्या टोकाला बारावी गाठ मारली. आबांना इतका आनंद झाला की त्यांनी स्वतःचाच नियम मोडला. संध्याकाळच्या एस.टी.च्या कंडक्टरजवळ त्यांनी नानीला तोंडी निरोप धाडला, "मास्तर बारावर आलं. घरातलं तुजं जातं न्यायला गाडी धाडा." दुसऱ्या दिवशी दुपारी ते आणि मी दोरी घेऊन भूगावला निघालो. एस.टी. सुटली, पौड मागे पडलं, आणि आबा खिडकीला डोकं टेकून घोरू लागले. दोरी त्यांच्या मांडीवर होती.

पुढचं मी दहा वर्षं कुणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. पिरंगुट येईपर्यंत मी ती बारावी गाठ नखानं सोडवली.

पैसे कमी पडत होते म्हणून हे केलं असं सांगायला मला बरं वाटलं असतं. पण पैसे होते, ट्रंकेत मोजून ठेवलेले होते. मला नुसतं वाटलं की बघू, अकरावर जमतंय का. म्हातारी अडली तर परत एक गाठ मारता येईलच. तोंडी निरोप गेल्याचं मला ठाऊक नव्हतं.

नानीच्या ओसरीवर ते जातं आमच्या आधीच येऊन पडलं होतं. तिनं दोरी घेतली, बोटांनी चाचपली, पुन्हा चाचपली.

"अरं आबा, ह्या अकरा हायेत."

"बारा हायेत, नानी."

"माजं डोळं गेलं असतील, बोटं न्हाई गेली. बारा म्हून निरोप धाडलास ना तू? कंडक्टर काय माजा जावई हाय खोटं सांगायला?"

आबांनी दोरी घेतली आणि माझ्या टोकावरून बोटं सरकवत नेली. अकराव्या गाठीपुढे त्यांचं बोट थांबलं. विकणाऱ्याच्या टोकाला सुटलेल्या गाठींच्या जागी लोकर वाकडी राहायची, ते सगळ्यांना माहीत होतं. घेणाऱ्याच्या टोकाला तसं कधी दिसायचं नाही, कारण तिथे गाठी फक्त वाढायच्या. आबांनी त्या वाकड्या जागेवर अंगठा ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी जात्याकडे पाहत होतो.

"नानी, माजा निरोप चुकला," आबा म्हणाले. "दोरी अकराच म्हनती."

मग नानीचा नगारा सुरू झाला. जन्मभर दोरी दोरी करून मिरवलास आणि तोंडानं खोटं बोललास, दलालीचा छदाम मागू नकोस, आणि आता हे जातं परत पौडला काय तू डोक्यावर नेणार? जातं परत जाणार नव्हतं. तिनं आपली बारावी गाठ दातानं सोडली आणि दोरी आबांच्या अंगावर फेकली. घर मला अकराशेला मिळालं.

परतीच्या वाटेवर आबा एकच वाक्य बोलले. पौडच्या थांब्यावर उतरता उतरता म्हणाले, "मास्तर, पोरांना आकडं शिकवता न्हवं? शिकवा चांगलं. अकरापुडं बारा येतंय."

नानीनं ती गोष्ट त्या रस्त्यावरच्या प्रत्येक गावात पोचवली. माणसं आबांबरोबर साक्षीदार पाठवू लागली, मग साक्षीदारच परस्पर बोलणी करू लागले, आणि दीडदोन वर्षांत आबा पुन्हा मेंढरांमागे लवळ्याच्या डोंगरावर दिसू लागले. 'म्हाताऱ्याचं तोंड फिरलं' असं लोक माझ्यासमोर म्हणत आणि मी खडू झाडत उभा राही. आबा मात्र दर दिवाळीला माझ्या घरी येत, पश्चिमेच्या भिंतीला पाठ लावून बसत, फराळ खात, आणि जाताना घरातला एखादा नवा दोष सांगून जात. चौकटीवरच्या दोरीकडे त्यांनी कधी मान वर करून पाहिलं नाही. अशी दहा वर्षं गेली.

गेल्या उन्हाळ्यात नानी एका लग्नासाठी पौडला आली होती. आपलं जुनं घर बघायला म्हणून काठी टेकत दारात आली आणि चौकटीकडे बघून म्हणाली, "त्या लबाडाची दोरी अजून ठेवलीया व्हय?"

काय झालं कोण जाणे. दहा वर्षं जे घशाखाली दाबलं होतं ते एका दमात बाहेर आलं. "नानी, दोरी लबाडाचीच आहे. पण तो लबाड मी आहे." सगळं सांगितलं. आतून बायकोचा भांड्यांचा आवाज बंद झाला. ट्रंकेतून शंभर रुपये आणून मी नानीपुढे ठेवले. तिनं त्यांना हात लावला नाही.

"त्याची दलाली मी बुडवली, माजं तुमी बुडवलं. त्यालाच द्या. आनि आता उटा. लवळ्याला एस.टी. कितीला हाय?"

एस.टी. फक्त पिरंगुटपर्यंत होती. तिथून पुढे ती म्हातारी चढण चालली, दर शंभर पावलांवर बसत आणि मला शिव्या घालत. आबा एका खडकावर चाती फिरवत होते. नानीनं धापा टाकत विचारलं, "अरं मेल्या, तवाच का न्हाई बोललास? माज्यासारकीच्या शिव्या खाल्ल्यास, धंदा घालवलास!"

आबांनी सूत तुटणार नाही अशा बेतानं चाती थांबवली. "बोलू काय? घराची खोट गिऱ्हाइकाला सांगत आलो, नानी. गिऱ्हाइकाची खोट घराला सांगायची ऱ्हाईली. उलट सोन्यासारका मानूस म्हून तुला सांगून बसलो. मंग चूक कुनाची? माजीच की."

त्यात टोमणा नव्हता. ते खरोखरच तसं मानत होते, आणि त्यामुळे मला तिथे उभं राहवेना. मी पाय धरायला वाकलो तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, मेंढरं बुजत्यात."

परतीच्या एस.टी.त नानीनं ड्रायव्हरच्या मागची जागा धरली आणि जो नगारा दहा वर्षांपूर्वी वाजवला होता तोच आता उलटा वाजवला. पिरंगुटला चढलेल्यांना सांगितलं, वाटेत चढलेल्यांना पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. आबानं जन्मात खोटं सांगितलं नाही, निरोपही खरा होता आणि दोरीही खरी होती, लबाड तो बघा, तो तिकडं बसलाय टोपीवाला. गाडीतली सगळी डोकी माझ्याकडे वळत होती. माझी मान खाली होती. आणि तरी, विश्वास ठेवा अगर न ठेवा, त्या गाडीत माझ्याइतका अभिमानानं फुगलेला माणूस दुसरा नव्हता. असला माणूस आमच्या मुळशीत होता, आणि त्यानं एकदाच, आयुष्यात एकदाच, ज्याची शिफारस केली तो मी होतो.

ते शंभर मी आबांना दिले; त्यातून त्यांनी एक एडका घेतला. त्याचं नाव मास्तर ठेवलं. डोंगरावरून हाक येते, "ए मास्तरऽ, वाटंवर ये!" आणि खाली रस्त्यानं जाताना मी क्षणभर थबकतो. घराचं काम घेऊन आता पुन्हा माणसं त्यांच्याकडे जातात, पण ते जात नाहीत. पाय साथ देत नाहीत म्हणतात. गेल्या दिवाळीला तर आमच्याकडेही आले नाहीत. दरवर्षी घराला चुना देताना पश्चिमेची भिंत मी स्वतः देतो, आणि त्यांच्या पाठीनं पडलेला तो काळपट डाग तेवढा सोडून बाकीची पांढरी करतो. बायको म्हणते, ओल आहे असं वाटतं लोकांना. वाटू दे म्हणतो. घराची खोट आल्यागेल्याला आधी दिसलेली बरी.