गौराक्काची खानावळ आणि कॉलनीची शांतता

एका ऑफिसात वीस वर्षं काढली तरी सांगण्यासारखे चार-दोनच किस्से निघतात. पण एका खानावळीत वर्ष-दोन वर्षं जेवलात तर पोतंभर! ऑफिसात माणूस सांभाळून बोलतो. भुकेला माणूस पाटावर बसला की सांभाळायचं विसरतो. आमची जुनी मंडळी आजही कुणाच्या लग्नाकार्यात भेटली की पंगतीत कोणीतरी म्हणतंच, "ए, गौराक्काच्या खानावळीतलं ते सांग रे." मग ताटातलं निवतं, वाढपी चिडतात, पण आमचं काही थांबत नाही.

गोष्ट एकाहत्तर-बाहत्तर सालची. सोलापुरात विजापूर रोडला नवी कॉलनी झाली होती. तीसेक छोटे बंगले, दारात जाईचे वेल, आणि शांतता तर अशी की सायकल स्टँडवर लावली तरी समोरच्या खिडकीचा पडदा हलायचा! मी मूळचा करमाळ्याकडच्या जेऊरचा. कालव्यांच्या ऑफिसात नकाशे उतरवणारा ट्रेसर म्हणून लागलो आणि या कॉलनीत खोली घेतली. खोली झकास, हवा झकास, जेवायला मात्र कुठं काही नाही. हॉटेल गाठायचं तर सात रस्त्याच्या चौकापर्यंत सायकल हाणायची, आणि परत येईस्तोवर खाल्लेलं जिरलेलं असायचं.

पहिल्याच रविवारी एका व्हरांड्यात पेपर वाचत बसलेल्या गृहस्थांना मी विचारलं, "काका, इकडं जेवायची सोय कुठं होईल?"

त्यांनी चष्म्यावरून मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"ही सुशिक्षितांची वसाहत आहे. इथं लोक आपापल्या घरी जेवतात!"

ते सोसायटीचे चेअरमन, निवृत्त हेडमास्तर, हे मला नंतर कळलं.

* * *

त्याच दुपारी कॉलनीच्या टोकाला एका अर्धवट घरापाशी मी पाणी मागायला थांबलो. दोन खोल्या उभ्या होत्या, बाकीच्या भिंती कमरेइतक्या येऊन अडल्या होत्या. एका बाईनं तांब्या दिला आणि विचारलं, "जेवलासा का?"

मी म्हणालो, "नाही."

बाई बघतच राहिली. तिच्या वळसंगाकडची रीत अशी, की दारात आलेल्या प्रत्येकाला हे विचारायचं आणि आलेल्यानं "झालं की" म्हणायचं. पोटात आग पडली असली तरी! मी करमाळ्याकडचा, त्यातून सकाळपासून उपाशी. खरं ते बोलून गेलो.

"दीड वर्स झालं हितं येऊन," बाई हसायला लागली. "येनाऱ्या-जानाऱ्याला इचारते. 'न्हाय' म्हननारा पयला मानूस तुमी! बसा आता."

ही गौराक्का. तिचा नवरा बसप्पा गिरणीत होता, त्याचं खातंच बंद पडलं होतं. सगळी पुंजी प्लॉटमध्ये गेलेली. घर पुरं होतंय की आपण गाठोडं बांधून अक्काच्या माहेरी वळसंगला परत जातोय, एवढाच प्रश्न त्या घरात रात्रंदिवस होता. ज्वारीची गरम भाकरी, मुगाची आमटी आणि शेंगाचटणी खाऊन मी उठलो तो ठरवूनच, की या घराची भिंत वर जायला पाहिजे. महिन्याभरात आम्ही सहाजण झालो. पाटी नाही, नाव नाही, पण खानावळ सुरू झाली.

* * *

आमच्या ऑफिसातले हेडक्लार्क कांबळे माझ्याबरोबर पहिल्यांदा आले, तो दिवस मी विसरत नाही. मी अक्काला आधी काही सांगितलं नव्हतं. कांबळे उंबऱ्याच्या बाहेर उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "अक्का, मी कांबळे. बौद्ध आहे. आधी सांगतो, मग चप्पल काढतो. दोन-तीन ठिकाणी काढलेली चप्पल परत घालावी लागलीय."

आत अक्काची सासू कपाळाला विभूती लावून बसली होती. अक्कानं तिच्याकडं पाहिलं. मी बोलायला हवं होतं, आणि मी खाली मान घालून पाटाकडं बघत होतो. त्याची मला आजही लाज वाटते.

मग अक्का म्हणाली, "चप्पल सावलीत काडा. उनात तापली तर जाताना पाय भाजत्याल."

सासू मात्र आठ दिवस भिंतीकडं तोंड करून बसली. नवव्या दिवशी अक्का आणखी भाकरी वाढायला आली, तर कांबळे ताटावर हात धरून सहज म्हणाले, "साकु, अव्वा." म्हणजे पुरे, आई. ते चार वर्षं अक्कलकोटला होते, कानडी फर्डं बोलायचे. म्हातारी गर्रकन वळली! सून चुलीपाशी, मुलगा कामाच्या शोधात, कॉलनीत सगळी मराठी मंडळी. बिचारीशी दिवसभर कानडीतून बोलणार कोण? त्या दिवसापासून ती कांबळेंची वाट बघायची. तिच्या गप्पांत कांबळेंची भाकरी निवायची आणि अक्काचा ओरडा बसायचा आम्हाला.

* * *

बँकेतला जोशी पुण्याचा. पहिल्या दिवशी त्यानं ताटाकडं पाहून विचारलं, "चटणी तिखट नाही ना हो?"

"न्हाय वो," अक्का म्हणाली. "आमच्यात लेकरं खात्यात."

जोशीनं चमचाभर चटणी तोंडात टाकली. मग उठला, अंगणात धावला आणि तिथल्या पिंपात गळ्यापर्यंत तोंड घातलं. बसप्पा ओरडत मागं पळाला, "सायेब, सायेब! ते भिंतीवर मारायचं पानी हाय!"

आम्हाला वाटलं, हा गडी काही परत येत नाही. दुसऱ्या दिवशी बरोबर बाराला हजर. ताट यायच्या आत हळूच म्हणाला, "अक्का, कालची ती चटणी... शनिवारी पुण्याला न्यायला थोडी बांधून द्याल का?"

* * *

सहा सायकली एका दारात रोज लागल्यावर किती दिवस लपणार? चेअरमनची नोटीस आली. निवासी घरात धंदा करता येत नाही, रहिवाशांच्या शांततेचा भंग होतो, वगैरे. अक्काचा चेहरा उतरला. कांबळेंनी सोसायटीचे नियम मागवून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले आणि म्हणाले, "धंद्याला बंदी आहे. पाहुण्यांना नाही."

रविवारी ऐन जेवणाच्या वेळी चेअरमन तपासणीला आले. आम्ही सहाजण ओळीनं पाटावर.

"हे कोण?"

"भाऊ," अक्का तव्यावरची नजर न हलवता म्हणाली.

"आणि हे?"

"भाऊच."

"आणि हे आमचं इतिवृत्त लिहिणारे कांबळे?"

"थोरला."

चेअरमन लाल झाले. "बाई, सहा भाऊ आणि एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही?"

"तोंडं येगळी हायती, भूक एकच हाय की!"

जोशीला ठसका लागला. चेअरमन जाता जाता दारात थांबले. "ठीक आहे. पंचमी जवळ आलीय. भाऊ बहिणीला माहेरी नेतात. बघतो मी, कोण नेतं ते!"

* * *

आता आली का पंचाईत! पंचमीच्या आदल्या दिवशी सहाही भावांनी रजा टाकली आणि अक्काला मध्ये घेऊन स्टँडकडं निघालो. जोशीच्या हातात तिची पिशवी, माझ्या हातात लाह्यांचा पुडा. चेअरमनच्या व्हरांड्यावरून मुद्दाम हळू गेलो. त्यांनी पेपर तोंडापुढं धरला, तो उलटा होता.

वळसंगला एसटीतून उतरलो, तर अक्काचा खरा भाऊ बैलगाडी घेऊन उभा. त्यानं आधी अक्काकडं पाहिलं. मग आमच्याकडं. मग बोटानं एक-एक करून आम्हाला मोजलं.

"अक्का," तो कळवळून म्हणाला, "सकाळपत्तुर मी एकटाच हुतो की गं!"

अक्काच्या आईनं आम्हाला पोटच्या पोरांसारखं वाढलं. दुपारी आम्ही शेतात गेलो. त्या वर्षी पाऊस असा नव्हताच. विहिरीत वाकून पाहिलं तर तळाचे दगड दिसत होते. अक्का काठावर उभी राहून म्हणाली, "परत हितं यायचं म्हंजे, येऊन करायचं काय?" तिच्या खऱ्या भावानं मान खाली घातली. खोट्या सहांनीही घातली.



* * *

मग तो दुष्काळ आला. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळायला लागली. तिच्या पिठाला चिकटपणाच नाही. अक्काच्या हातची भाकरी म्हणजे ताटाएवढी आणि पानासारखी, पण मिलोची भाकरी काठवटीतून उचलली की तिच्या हातात तुकडे यायचे. पहिल्या दिवशी ती पदरानं डोळे पुसत होती. आम्ही म्हटलं, चुलीचा धूर असेल.

तिनं ते तुकडेच ताटात ठेवले आणि वरून आमटी ओतली. कोणाकडं बघेना. बाहेर लोक दुष्काळी कामांवर खडी फोडायला जात होते, आणि इथं ही बाई भाकरी मोडली म्हणून रडत होती.

कांबळेंनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "अक्का, हे बरं केलंत. इतके दिवस आम्हालाच मोडायला लावत होता."

सगळ्यात आधी हसली ती सासू. आणि तिला मराठी कळत नाही, असं आम्ही वर्षभर समजत होतो!

* * *

शेवटी चेअरमननी सर्वसाधारण सभाच बोलावली. विषय क्रमांक एक, खानावळ बंद करणे. सभा त्यांच्याच हॉलमध्ये. पुढं खुर्च्यांवर पुरुषमंडळी, मागं सतरंजीवर बायका, दाराशी अक्का आणि बसप्पा. बसप्पानं मेव्हण्याला निरोप धाडला होता, सामान न्यायला गाडी घेऊन ये म्हणून. आम्ही पाचजण बाहेर खिडकीशी. आणि सहावे कांबळे आत टेबलाशी! सेक्रेटरी आमच्याच ऑफिसातले, त्यांचं अक्षर त्यांचं त्यांनाच लागायचं नाही, म्हणून सभेचं इतिवृत्त नेहमी कांबळेच लिहून द्यायचे. आपलीच खानावळ बंद करण्याचा ठराव आपल्याच मोत्यासारख्या अक्षरात लिहायला ते बसले होते.

चेअरमन अर्धा तास बोलले. शिस्त झाली, शांतता झाली, मग गाडी भाकरीवर आली.

"आणि खानावळीच्या अन्नाला घरची सर येते का? माझ्या घरची भाकरी बघा. पातळ, पांढरीशुभ्र, पदर सुटलेली. मिलोचे दिवस सोडले, तर आमच्या हिनं ती कधी चुकवली नाही! गृहिणीचा हात लागतो त्याला. तेव्हा ठरावाच्या बाजूनं ज्यांचं मत असेल, त्यांनी हात वर करावेत."

पुरुषांचे हात वर जायला लागले. एक, दोन, पाच, नऊ. दाराशी बसप्पानं टोपी डोक्यावरून काढून हातात घेतली. अक्का भिंतीला टेकली.

तेवढ्यात सतरंजीवरून चेअरमनच्या पत्नी मालतीबाई उठल्या. आत स्वयंपाकघरात गेल्या आणि एक पितळी डबा घेऊन बाहेर आल्या. तो त्यांनी टेबलावर, ठरावाच्या कागदावरच ठेवला.

"खुशाल ठराव करा," त्या म्हणाल्या. "तुम्ही सकाळी वाचनालयात गेलात, की हा डबा मागच्या दारानं गौराक्काकडं जातो. आता रोजच्या सात भाकऱ्या कोण थापणार, तेवढं ठरावात लिहा. मला येत नाहीत. कधीच आल्या नाहीत."

दाराशी अक्काच दचकली. "वैनी! कशाला वो सांगितलं?"

मग मागून सेक्रेटरींच्या पत्नी हळूच म्हणाल्या, "आमच्या पाच."

"आमच्या चार," तिसऱ्या म्हणाल्या. "आणि रविवारी पिठलं."

"आमच्या सहा."

वर गेलेले हात एकेक करून खाली यायला लागले. खुर्च्यांवरचा प्रत्येकजण मान वळवून सतरंजीवर आपापली बायको शोधत होता.

कांबळेंनी टाक दौतीत बुडवला आणि अदबीनं विचारलं, "साहेब, काय लिहू?"

चेअरमननी चष्मा काढला. पुसला. परत घातला. डब्याकडं पाहिलं. मग डबा उचलून बाजूला ठेवला, त्याखालचा कागद उलटा केला आणि घसा खाकरून म्हणाले,

"विषय क्रमांक दोन. पाण्याची टाकी."